मनातलं जाहीर सांगायचंय? आधी क्रम ठरवा

२००६ च्या फेब्रुवारीत इंग्लंडची क्रिकेट टीम आपल्या बडोद्यात होती, टेस्टच्या आधीची प्रॅक्टिस मॅच होती बोर्ड प्रेसिडेंट इलेव्हनशी, आणि त्यांचा ओपनर मार्कस ट्रेस्कोथिक इथेच ड्रेसिंग रूममध्ये कोसळला, म्हणजे रडू काही केल्या आवरेना, आणि दौरा अर्धवट सोडून घरी गेला. बाहेर सांगितलं की घरगुती कारण आहे. पुढे त्याने स्वतः टीव्हीवर व्हायरसचं नाव घेतलं. आम्ही इथे बसून म्हणत होतो की इथलं तिखट बाधलं असेल बिचाऱ्याला. डिप्रेशन आणि अँग्झायटीचं सविस्तर आलं ते २००८ मध्ये, त्याच्या आत्मचरित्रात.

दोन वर्षं लागली त्यात काही चूक नाही. मला खटकतो तो व्हायरस. न सांगणं चालतं, पण खोटं कारण एकदा दिलं की मग ते सांभाळत बसावं लागतं, प्रत्येकाला तेच तेच सांगायचं, कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं, आणि आधीच थकलेल्या डोक्याला हे आणखी एक काम. त्यापेक्षा "तब्येतीचं कारण आहे, जास्त बोलायचं नाहीये" हे वाक्य पाठ करून ठेवा. ते खरं पण आहे आणि पुरतं पण.

आता माझं. मी हौशी नाटकवाली, बहीण मल्लखांब शिकवते, त्यामुळे स्टेज आणि मैदान दोन्हीकडची मुलंमुली घरी येऊन बसतात. काही वर्षांपूर्वी एका प्रयोगात दुसऱ्या अंकाला मी विंगेतच अडकले, हात बधिर, श्वास वरच्या वर, एन्ट्री गेली. रात्री एक वाजता घरी येऊन मी ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर सगळं ओतलं, पॅनिक अटॅक, लहानपणीचं एक प्रकरण, गोळ्या, सगळंच. सकाळी नऊला पुण्याहून आत्याचा फोन, कारण स्क्रीनशॉट तिच्यापर्यंत माझ्याआधी पोचला होता. दांडिया बाजारात भाजी घेताना शेजारच्या बेन विचारतायत "शुं थयुं?" आणि मला कळत नाहीये की ह्यांना नेमकं किती माहितीये. म्हणून हा क्रम, ठेच लागून शिकलेला: आधी एक माणूस, मग डॉक्टर, मग कोच किंवा डायरेक्टर, आणि लोक सगळ्यात शेवटी. किंवा कधीच नाही, ते पण चालतं.

पहिला माणूस समोरासमोर बसून ऐकणारा असावा, फोनवरचा नको. तो आईच असला पाहिजे असं काही नाही, बऱ्याचदा आई घाबरते आणि मग आपल्यालाच तिला सांभाळावं लागतं. मित्र, मामी, जुना सिनियर, कोणीही, फक्त एकच बघा की आजपर्यंत त्याने दुसऱ्याचं गुपित तुम्हाला सांगितलंय का. सांगितलं असेल तर तुमचं पण सांगणार. सुरुवात कशी करायची ते जमत नसेल तर सरळ म्हणा, "मला सल्ला नकोय, दहा मिनिटं फक्त ऐक."

डॉक्टर. आमच्याकडे लहानपणी कोणी हट्ट केला की "कारेलीबागला टाकून येऊ" म्हणायचे, कारण सरकारी मेंटल हॉस्पिटल तिथे आहे. ती भीती डोक्यात राहते आणि माणूस पाच पाच वर्षं जात नाही. अहो, सयाजी हॉस्पिटलला सायकियाट्रीची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि बसायचं, बाकी ओपीडीसारखीच. जायचं धाडस नसेल तर १४४१६ लावा, टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोला नाहीतर गुजरातीत. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र हा क्रमबिम सोडा, लगेच फोन करा आणि एकटे राहू नका. आणि गुप्ततेचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तो तुमचा हक्क म्हणूनच लिहिलाय, ट्रीटमेंट चालू असलेल्या माणसाची माहिती किंवा फोटो त्याच्या परवानगीशिवाय मीडियाला देता येत नाही. "अमुक प्लेयर आमच्याकडे येतो" असं कोणी मिरवत असेल तर ते चूक आहे, मग तो तुमचा कितीही फॅन असो.

खेळाडूंनी पहिल्याच व्हिजिटला सांगायचं की मी कॉम्पिटिशन खेळते, माझी डोप टेस्ट होऊ शकते. डिप्रेशनवर नेहमी देतात त्या एसएसआरआय गोळ्या वाडाच्या (जगभरच्या डोपिंगवर लक्ष ठेवणारी संस्था) बंदी यादीत नाहीत, त्यामुळे त्या धास्तीने औषध टाळू नका. पण छातीत धडधड होते म्हणून देतात ती प्रोप्रॅनोलॉल बीटा ब्लॉकर आहे, नेमबाजी आणि तिरंदाजीत तिच्यावर बंदी आहे. एडीएचडीवरचं, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही त्यावरचं, मिथाइलफेनिडेट कॉम्पिटिशनच्या काळात चालत नाही. गरजच असेल तर टीयूई म्हणजे आधी परवानगी मागायची सोय असते, नाडाकडे, म्हणजे आपल्या देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेकडे, अर्ज करायचा. आणि स्टेजवाल्यांनो, ग्रीनरूममध्ये कोणीतरी पर्समधून काढून दिलेली अर्धी गोळी घेऊ नका, दम्याच्या माणसाला प्रोप्रॅनोलॉल चांगलीच महागात पडू शकते.

कोचला काय सांगायचं? गोष्ट नाही सांगायची, काम सांगायचं. अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला टीम फायनल एका व्हॉल्टनंतर सोडली तेव्हा तिने सांगितलं ते हेच, की हवेत असताना आपण कुठे आहोत हेच शरीराला कळेनासं झालंय, जिम्नॅस्ट त्याला ट्विस्टीज म्हणतात, आणि अशात आपण कशावर पडू तेच कळत नाही. ज्याने मल्लखांबावर दसरंग घालताना एकदा तरी हात सुटलेला अनुभवलाय त्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. तेव्हा तुम्ही पण असंच बोला: "सर, दोन आठवडे झोप नाहीये, रिअ‍ॅक्शन उशिरा येतेय, डॉक्टरांकडे चालू आहे, पंधरा दिवस अवघड उड्या नको." लहानपणी काय झालं, घरात काय चालतं, हे सरांना माहीत असायची काही गरज नाही. सर म्हणतील "मन घट्ट कर, आमच्या वेळी असलं काही नव्हतं." वाद घालू नका, तेच वाक्य परत म्हणा, आणि कोहलीचं सांगा, त्याला सगळेच मानतात. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये बांगलादेश टेस्टच्या आधी इंदूरला पत्रकारांसमोर तो म्हणाला होता की २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात जग संपल्यासारखं वाटलं होतं आणि कुणाला काय सांगावं तेच कळत नव्हतं. त्या टेस्ट सिरीजमध्ये दहा इनिंगमध्ये १३४ रन होते त्याचे. बोलला पाच वर्षांनी.

आता अवघड भाग. त्रास कुणीतरी दिलेला असेल, कोच, आयोजक, नातेवाईक, कोणीही, तर तो वेगळा मामला आहे आणि इथे पोस्ट पहिली टाकू नका. चॅट, तारखा, कॉल लॉग आधी सेव्ह करा, दोन ठिकाणी. वय १८ च्या आत असेल आणि प्रकार लैंगिक असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो, ज्याला तुम्ही सांगाल त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, म्हणून कुठल्याही मोठ्या माणसाने "कुणालाच सांगणार नाही हं" असं वचन मुलांना देऊ नये, ते पाळता येत नाही आणि मूल दुसऱ्यांदा फसवलं जातं. १०९८ ही लहान मुलांची हेल्पलाइन. मोठ्यांनी नाव घेऊन लिहायच्या आधी वकिलाला दाखवा, कारण समोरचा बदनामीची केस टाकू शकतो. कामाच्या जागी बाईचा लैंगिक छळ झाला असेल तर पॉश कायद्यात साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या ग्रुपसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आपल्या नाटक-ऑर्केस्ट्रावाल्यांना हे माहीतच नसतं, सगळे समजतात की पॉश फक्त कंपनीवाल्यांसाठी आहे.

एवढं सगळं करून पण जाहीर सांगावंसं वाटत असेल तर हाताने कागदावर लिहा, दोन रात्री तसंच ठेवा. तिसऱ्या दिवशी प्रत्येक ओळीला विचारा, नवरात्रीत गरब्याच्या ग्राउंडवर अनोळखी माणसाने ह्यावर प्रश्न विचारला तर मला चालेल का? नाही चालणार ती ओळ उडवा. स्वतःला इजा कशी केली त्याचा तपशील नको, वाचणारा त्या क्षणी कुठल्या अवस्थेत असेल सांगता येत नाही. घरच्यांबद्दल लिहिलं असेल तर आधी त्यांना दाखवा. खर्च पण धरून ठेवा. टेनिसपटू नाओमी ओसाकाने २०२१ च्या फ्रेंच ओपनला पत्रकार परिषद नको म्हटलं तर १५,००० डॉलर दंड लागला, मग तिने माघार घेतली आणि तेव्हा सांगितलं की २०१८ पासून डिप्रेशनचे झटके येतायत. आपल्याकडे दंड नाही लागत, कार्यक्रमाची सुपारी जाते, सिलेक्शनला नाव वगळलं जातं, आणि कारण कोणी तोंडावर सांगत नाही. हे बरोबर नाहीच, पण होतं, म्हणून त्या सीझनचे पैसे आधी हातात आलेत का ते बघून मग टाका.

टाकायचंच तर रविवारी सकाळी टाका, मॅचच्या किंवा प्रयोगाच्या आदल्या रात्री नाही. कमेंट बंद ठेवा किंवा फोन त्या पहिल्या माणसाच्या हातात द्या, शिव्या त्याने डिलीट करायच्या, आणि तुम्ही शेव-उसळ खायला जा. इनबॉक्समध्ये मात्र खरी गर्दी होते, ती शिव्यांची नाही, "माझं पण असंच झालंय" वाल्यांची, आणि ती जास्त जड जाते. त्यांच्यासाठी एक उत्तर आधीच टाईप करून ठेवा: "वाचलं. मी डॉक्टर नाही, पण १४४१६ वर मला बरं उत्तर मिळालं होतं, तुम्ही पण लावून बघा." दिवसातून एकदा, अर्धा तास बसून सगळ्यांना हेच पाठवायचं. रात्री अकरानंतर इनबॉक्स उघडायचा नाही, मी उघडायचे, पहाटे चारपर्यंत जागी असायचे.