यात्रेआधीची खाद्यतपासणी : पालिकेच्या तयारीची यादी

अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात, बोरी नदीच्या पात्रात भरते. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, आणि वर खानदेशचं ऊन. अशा वेळी एका गाड्यावरचं पाणी बाधलं तर किती गावांत जुलाब पोहोचतील याचा हिशेब लागत नाही. म्हणून तपासणीची आखणी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीच कागदावर आलेली हवी.

सगळ्यात आधी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाला पत्र पाठवावं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे कायदेशीर नमुना घेण्याचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचा. स्वच्छता निरीक्षकाने भरलेली बाटली पुढे टिकत नाही. पाणी, कचरा आणि जागेची परवानगी मात्र आपल्या हातात आहे. जागेच्या अर्जातच विक्रेत्याचा याच कायद्याखालचा १४ अंकी क्रमांक मागून घ्या. २ ने सुरू होणारा क्रमांक नोंदणीचा, १ ने सुरू होणारा परवान्याचा. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी पालिकेतच एक दिवस अर्ज भरून घ्या. गरीब गाडीवाल्याला ऐन यात्रेत हुसकावण्यापेक्षा हे कधीही बरं.

मग यादी लावायची ती धोक्याप्रमाणे. प्रवेशद्वारापासून ओळीने तपासत जायची सवय सोडा. उसाचा रस, बर्फगोळा, लस्सी, कुल्फी, माव्याची मिठाई, कापून ठेवलेलं टरबूज हे पहिले. शेवभाजी, भेळ, पाणीपुरी त्यानंतर. फुटाणे, रेवड्या, बंद पाकिटातले केळीचे वेफर्स शेवटी पाहिले तरी चालतात. वेळही त्याच हिशेबाने ठरवा. सकाळी अकराला सगळी भांडी लखलखीत असतात; खरी अवस्था संध्याकाळी, गिऱ्हाईक तुटून पडलेलं असताना दिसते.

पाण्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे प्रत्येकाकडे ड्रम असतो. "भाऊ, पानी ताजंच शे," असं सांगितलं तरी ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते पाहणारी तपासणी, करायचीच. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, हलवून रंग पट्टीशी ताडायचा. पिवळी झाक आली नाही तर क्लोरीन उरलेलं नाही, ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर तरी हवंच. टँकरचं, ड्रमचं आणि पिण्याच्या जगमधलं पाणी वेगवेगळं तपासा, कारण टँकर चांगला असूनही ड्रम वर्षभर घासलेला नसतो. बर्फाची लादी कुठून आली तेही विचारा. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर असायला हवा. तसली लादी गोळ्याच्या गाडीवर दिसली तर तिथेच थांबवा.

बाकी पाहणी झटपट होते: झाकणं, हात धुवायला साबण, नखं, जखमेवर पट्टी, उष्टं टाकायला डबा, वर्तमानपत्राच्या कागदात भजी बांधणं बंद. शेवभाजीची तर्री मंद आचेवर सतत गरम राहते का ते बघा. सकाळची रश्शी थंड होऊन संध्याकाळी पुन्हा कोमट केलेली असेल तर ती ओतून द्यायला लावा.

पथकासोबत काय न्यायचं, ते आदल्या दिवशी एका पिशवीत भरून ठेवा: ओटी संच, ब्लिचिंग पावडर, थर्मामीटर, बॅटरी, तपासणी पत्रकं, मराठीतल्या सूचनांचे कागद. दोष सापडला की पत्रकावर दुकानदाराची सही घ्या आणि पुन्हा कधी येणार ती वेळ तिथेच लिहा. दुसरी फेरी मारली नाही तर पहिल्या फेरीचा उपयोग शून्य, हे माझं ठाम मत आहे. मनुष्यबळ कमी पडत असेल तर दुकानं कमी तपासा, पण फेरतपासणी गाळू नका.

रोज संध्याकाळी सरकारी दवाखान्यात जुलाब-उलट्यांच्या रुग्णांची चौकशी करायला एक माणूस नेमून द्या. काय खाल्लं, कुठे खाल्लं, कधी खाल्लं. दोघांनी एकाच गाड्याचं नाव घेतलं तर सकाळची वाट न पाहता विक्री थांबवायची, उरलेलं अन्न तसंच ठेवायला सांगायचं आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला रात्रीच फोन लावायचा.