१७९२ च्या न्यूयॉर्कवर थरारकथा लिहिताय? या चुका टाळा

अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याचा एके काळी अर्थखात्यात सहायक असलेल्या, कर्ज काढून सट्टा खेळणाऱ्या विल्यम ड्युअरने मार्च १७९२ मध्ये कर्जफेडीबाबत हात वर केले आणि न्यूयॉर्कचा बाजार कोसळला. थरारकथेला याहून चांगला विषय कुठे मिळणार? तरीही अशी गोष्ट बहुतेकदा एकाच ठिकाणी फसते. लेखक आजचा शेअर बाजार उचलतो आणि त्याच्या अंगावर अठराव्या शतकाचा कोट चढवतो.

तेव्हाच्या वॉल स्ट्रीटवर एक्स्चेंजची इमारत नव्हती. सौदे कॉफी हाउसमध्ये आणि लिलावांत होत. न्यूयॉर्क शेअर बाजाराचं मूळ मानला जाणारा, वॉल स्ट्रीटवरच्या बटनवुडच्या झाडाशी जोडलेला तो प्रसिद्ध करार २४ दलालांनी केला १७ मे १७९२ ला, म्हणजे ड्युअर बुडाल्यानंतर. पहिल्याच प्रकरणात हे झाड आलं की जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

त्याहून मोठी चूक बातमीच्या वेगाची. तार नव्हती, बातमी घोडा किंवा शिडाचं जहाज नेईल तेवढ्याच वेगाने पोचे. आणि सगळा खेळ तिथेच होता. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांना पगाराऐवजी सरकारी देण्याचे कागद मिळाले होते. पोटासाठी अनेकांनी ते कवडीमोलाने विकले. जानेवारी १७९० मध्ये हॅमिल्टनने अहवाल मांडला, की ज्याच्या हाती आज कागद आहे त्यालाच मोबदला द्यायचा. राजधानी तेव्हा न्यूयॉर्कच होती. जॉर्जिया राज्याचा प्रतिनिधी जेम्स जॅक्सन सभागृहात संतापून बोलला, की सट्ट्यासाठी भरलेली तीन जहाजं पंधरवड्याच्या आत या बंदरातून निघाली आहेत. दूरच्या शेतकऱ्याला कागदाची किंमत कळण्याआधी तो त्याच्याकडून काढून घ्यायचा! मला या तीन जहाजांपुढे कुठलाही पिस्तुलाचा प्रसंग फिका वाटतो.

म्हणून गोष्ट मध्येच रेंगाळत असेल तर पात्रांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, ही बातमी याला कोणत्या दिवशी कळली. दोन तारखांत जिथे अंतर पडेल, तिथे तुमचं पुढचं प्रकरण आहे.

‘तेव्हा कायदाच नव्हता’ असं एखाद्या पात्राच्या तोंडी घालू नका. अर्थखात्यातल्या अधिकाऱ्यांना सरकारी रोख्यांच्या व्यवहाराला १७८९ च्या कायद्यानेच बंदी होती आणि दंड होता ३,००० डॉलर. ड्युअरने पद सोडलं १७९० मध्ये. पद गेलं, ओळखी राहिल्या. तपास करणारं पात्र हवं असेल तर त्याला इथे कामाला लावा.

हॅमिल्टनला खलनायक करण्याचा मोहही आवरा. बाजार कोसळला तेव्हा त्यानेच सरकारी रोख्यांची खरेदी करवून तो सावरला. १५ डिसेंबर १७९२ ला अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, तीन सदस्य त्याच्याकडे आले, कारण जेम्स रेनॉल्ड्स नावाच्या सटोडियाला त्याने पैसे दिले होते आणि त्यामागे सट्टा असल्याचा संशय होता. हॅमिल्टनने सांगितलं, सट्टा केला नाही. रेनॉल्ड्सच्या बायकोशी माझे संबंध होते, पैसे त्यापोटी गेले. १७९७ मध्ये त्याने हे स्वतः छापूनही टाकलं. आर्थिक गुन्ह्याचा आळ पुसायला घरची अब्रू चव्हाट्यावर मांडणारा माणूस इतिहासाने दिलेला असताना त्याला सपाट करू नये.

आणि ज्यांचे पैसे बुडाले ते लोक. बहुतेक कथांत ते एका वाक्यात उरकले जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. ड्युअरने भरमसाट व्याजाचं आमिष दाखवून दुकानदार, विधवा, गाडीवान, बाजारात बसणाऱ्या बायका यांच्याकडूनही कर्ज उचललं होतं. २३ मार्चला तो कर्जापायी तुरुंगात गेला, एप्रिलमध्ये लोक त्या तुरुंगाबाहेर जमले. त्या गर्दीतली एक बाई निवडा. तिच्या मुठीत ड्युअरच्या सहीची चिठ्ठी असू द्या आणि पहिलं प्रकरण तिच्यापासून सुरू करा.