प्राचीन कवितेतून चिनी नाव निवडताना या चुका टाळा

मुलीसाठी ‘शीचिंग’ उघडावे आणि मुलासाठी ‘छूत्सी’, असा चिनी घरांतला जुना संकेत आहे. शीचिंग हा ३०५ कवितांचा चीनमधील सर्वांत जुना काव्यसंग्रह, तर छूत्सीमध्ये मुख्यतः छू युआन या कवीशी जोडल्या जाणाऱ्या रचना येतात. या संकेतातून उत्तम नावे मिळालेली आहेत. हिवतापावरील आर्टेमिसिनिन या औषधाच्या शोधासाठी २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या थू योउयोउ यांचे नाव शीचिंगमधील हरणांच्या हाकेवरून, म्हणजे ‘योउ-योउ’ या आवाजावरून, आलेले आहे. फसगत होते ती ओळ गोड लागली म्हणून तिच्यातील दोन अक्षरे उचलून मोकळे होणाऱ्यांची.

सर्वांत मोठी चूक अर्थातच संपूर्ण कविता न वाचण्याची. शीचिंगमध्ये ‘यान-यान’ हा शब्द हसतखेळत चाललेल्या बोलण्यासाठी येतो आणि मुलीसाठी तो मोहक वाटतो. परंतु ज्या कवितेत तो आहे ती नवऱ्याने दगा दिलेल्या स्त्रीची कैफियत असून, हे हसणे तिला आठवते ते पुढे मोडलेल्या शपथांच्या संदर्भात. वाऱ्यावर डोलणाऱ्या विलोच्या फांद्यांची प्रसिद्ध ओळही अशीच आहे. ती उपाशीतापाशी, बर्फातून घरी परतणाऱ्या सैनिकाच्या तोंडी आहे. तरीही दुःखाची प्रत्येक कविता सरसकट वर्ज्य मानण्याचे कारण नाही. ‘हुआय-चिन’, म्हणजे उराशी रत्न बाळगणारा, हे नाव ज्या रचनेतून येते ती छू युआनने नदीत देह टाकण्यापूर्वीची अखेरची रचना असल्याचे परंपरा मानते. पण तो शब्दप्रयोग निर्मळ चारित्र्याचा वाक्प्रचार म्हणून इतका रुळला आहे की हे नाव ऐकून कोणाला मृत्यू आठवत नाही. अक्षरे कवितेपासून सुटून भाषेत स्वतंत्रपणे रुळली आहेत का, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

दुसरी चूक कानाची आहे. चिनी भाषेत एकाच उच्चाराची अनेक अक्षरे असतात आणि आडनाव नावाच्या आधी येते. ‘वू’ हे आडनाव उच्चाराने ‘नाही’ या शब्दासारखे आणि ‘च्या’ हे ‘खोटे’ या शब्दासारखे असल्यामुळे त्यांच्यापुढे जितका थोर गुण ठेवावा तितकी थट्टा अधिक होते. वू आडनावाच्या घरात ‘सदाचार’ हे नाव ठेवले, तर ऐकणाऱ्याला ‘सदाचार नसलेला’ असेच ऐकू येते. केवळ नावातही हा सापळा असतो. शीचिंगमधील शांत, सुंदर तरुणीच्या ओळीवरून घेतलेले ‘चिंग-शू’ त्याच सुरांत उच्चारले की ‘नुसते हरणे’ असाही अर्थ निघतो. त्यामुळे ठरवलेले नाव आडनावासह, प्रमाण भाषेत आणि घरच्या बोलीतही, मोठ्याने अनेकदा म्हणून पाहावे. शाळेतली मुले ते काम नाहीतरी करणारच असतात.

मराठी घरांत आजोबांचे नाव नातवाला देणे हा मान समजला जातो. चिनी परंपरेत मात्र घरातील वडीलधाऱ्यांच्या नावातील अक्षर वापरणे अनादराचे मानले जाई. थांग काळातील कवी ली ह याच्या वडिलांच्या नावाचा उच्चार ‘चिनशी’ या सर्वोच्च परीक्षेच्या नावाशी जुळत होता, तेवढ्यावरून त्याच्या त्या परीक्षेला बसण्यावर आक्षेप घेतला गेला. आज इतकी कठोरता उरलेली नाही. तरी जोडीदार चिनी असेल, तर यादी करण्यापूर्वी सासरच्या आजीआजोबांची नावे विचारून घेणे शहाणपणाचे.

अतिदुर्मीळ अक्षरे टाळावीत. चीनने २०१३ साली जाहीर केलेल्या प्रमाण अक्षरांच्या तक्त्यात ८,१०५ अक्षरे आहेत आणि नाव त्यांतूनच घेतले, तर बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंतचा त्रास वाचतो.

आडनाव गाळून केवळ काव्य ठेवण्याचा मोहही आवरावा. चिनान शहरातील एका दांपत्याने २००९ मध्ये जन्मलेल्या मुलीला आईवडिलांपैकी कोणाचेही आडनाव न देता, जुन्या कवितांवरून सुचलेले चार अक्षरी नाव ठेवले. पोलिसांनी नोंदणी नाकारली, २०१५ मध्ये न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने या खटल्याचा समावेश मार्गदर्शक खटल्यांत केला.

नोंदणीनंतर चूक ध्यानात आली, तर मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत पालक बदलासाठी अर्ज करू शकतात. त्यासाठी संपूर्ण नाव टाकून द्यावे लागतेच असे नाही. वास्तुविशारद आणि कवयित्री लिन हुइयिन यांचे मूळ नाव शीचिंगमधून घेतलेले होते; जवळजवळ तसेच दिसणाऱ्या नावाच्या एका लेखकाशी वाचकांची गल्लत होऊ लागली, तेव्हा त्यांनी शेवटचे अक्षर तेवढे बदलून त्याच उच्चाराचे दुसरे घेतले, आणि हाक मारणाऱ्यांना काहीच बदलावे लागले नाही.