सॅटेलाइट गेटवेचा अर्ज: कोल्हापुरातली जागा धरून

गेटवे म्हणजे उपग्रहाला जमिनीवरच्या नेटवर्कशी जोडणारं अँटेना-केंद्र. त्यासाठी अर्ज करण्याआधी एक गोष्ट ठरवा: तुम्ही उपग्रह-संपर्काची सेवा देणार की घेणार? घेणाऱ्याने, उदाहरणार्थ एखाद्या साखर कारखान्याने, परवानाधारक कंपनीकडूनच जोडणी घ्यावी. सेवा देणाऱ्याला मात्र तीन दारं आहेत: दूरसंचार विभागाचा सेवा परवाना, उपग्रहाच्या क्षमतेसाठी इन-स्पेसची (खासगी अंतराळ कामांना मान्यता देणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता आणि गेटवेच्या जागेसाठी, फ्रिक्वेन्सीच्या वाटपासह, सॅकफा मंजुरी (अँटेनाची जागा आणि उंची तपासणाऱ्या सरकारी समितीची). उपग्रह परदेशी असला तरी इन-स्पेस टळत नाही.

अर्ज अडतो तो बहुधा किरकोळ आकड्यांवर. समजा, जागेचा अक्षांश १६.७०५० अंश आहे. अंश-मिनिट-सेकंदात तो १६° ४२′ १८″ होतो. हेच कुणी दशांश समजून १६.४२१८ लिहिलं की अँटेना कागदावर तीसेक किलोमीटर दक्षिणेला, मुरगूडच्या बाजूला सरकते! नकाशा, जागेचा करार आणि अर्ज तिन्हीकडे एकच आकडा हवा.

उंची दोन प्रकारे द्या: जमिनीची समुद्रसपाटीपासून, अँटेनाच्या टोकाची जमिनीपासून. गच्चीवर बसवणार असाल तर इमारतीची उंची वेगळी दाखवा. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्याने हा रकाना बारकाईने तपासला जातो.

भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणारा, उपग्रह ७४° पूर्व रेखांशावर असेल तर कोल्हापुरातून डिश क्षितिजापासून जवळपास ७०° वर, दक्षिणेकडे बघते. डोंगराचा प्रश्नच नाही. खालच्या कक्षेतले उपग्रह मात्र आकाशभर सरकतात, क्षितिजाजवळूनही. म्हणून डोंगराळ गगनबावड्याकडे जागा घेताना चहूबाजूंच्या अडथळ्यांचे कोन आधी मोजा, मगच करार करा.