जुनी टूरिंग बाइक घेताय? भाव वाजवी आहे का, ते असं ठरवा

विकणाऱ्याने सांगितलेला पहिला आकडा बाजूला ठेवा. "मला अडीच लाखाला पडली, वर चाळीस हजारांचं सामान टाकलंय," हा त्याचा खर्च झाला, गाडीची किंमत नव्हे. तीच गाडी नवी घेतली तर आज ऑन-रोड केवढ्याला पडते, इथून मी मोजायला सुरुवात करतो.

'आज' म्हणतोय ते मुद्दाम. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्यावरच्या गाड्यांना सेस धरून ३१ टक्के लागत होते, ते ४० झाले. रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० नवीच स्वस्त झाली, तर जुनीनेही उतरायला हवं. हिमालयन ३५० सीसीच्या वरची, म्हणून जुन्या हिमालयनवाल्याने मात्र भाव धरून ठेवला तर मी त्याला दोष देणार नाही.

दिवाळीनंतर भाच्यासाठी चिंचवडला २०२१ ची मीटिऑर बघितली. पहिलाच मालक, मीटरवर १८ हजार, मागणी एक लाख पासष्ट हजार. नवीचं कोटेशन आमच्या खिशात होतं, दोन लाख चाळीस हजारांचं. माझा नियम असा: चार-पाच वर्षांची गाडी दुरुस्त होऊन, नावावर होऊन दारात उभी राहीपर्यंत नवीच्या दोन तृतीयांशात बसली पाहिजे. इथे एक साठ. त्यातून येणारा खर्च वजा करत जायचा; उरेल तो आपला भाव.

जाण्याआधी फोनवर सांगायचं, गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी इंजिनला हात लावून बघायचा. गार इंजिनच सेल्फ मारल्यावर खरं बोलतं.

मग टायर. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. ३८२१ म्हणजे २०२१ चा ३८ वा आठवडा. मीटरवर आठ हजार आणि टायर मात्र दुसरी जोडी, असं दिसलं तर कारण विचारा आणि सर्व्हिसची बिलं मागा. आमच्या गाडीचे टायर कंपनीचेच होते, नक्षीही शिल्लक होती. पण नख रुतत नव्हतं आणि कडेला बारीक भेगा. गावात चालले असते. पावसात आंबा घाट उतरायला मी भाच्याला अशा टायरवर पाठवणार नाही, म्हणून दोन्ही खर्चात धरले.

टूरिंगच्या गाडीत कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बघितल्याशिवाय भाव बोलूच नका. गाडी मेन स्टँडवर घ्या, एकाने मागून दाबून पुढचं चाक उचलायचं, दुसऱ्याने एका बोटाने हँडल सावकाश फिरवायचं. आमचं हँडल बरोबर मध्यावर आलं की खाचेत बसल्यासारखं थांबत होतं. तो कोनसेट गेला. सरळ रस्त्यावर शंभर मीटर चालवून हे कळत नाही, सामान लादून वळणांवर कळतं. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचं कडं नाही ना, आणि पॅनिअरचे (बाजूच्या सामानाच्या पेट्यांचे) स्टँड जिथे चासीला बसतात तिथे वेल्डिंग केलेलं नाही ना, तेही वाकून बघा.

टायर, चेन स्प्रॉकेट, कोनसेट मिळून पंधरा हजार. ट्रान्सफर आणि विमा पाच. म्हणजे आमचा भाव एक चाळीस. क्रॅश गार्ड आणि टॉप बॉक्स आम्हाला हवेच होते, त्याचे पाच हजार वर दिले. बाकी दिवे-हॉर्नचे काही नाही. हा हिशोब कागदावर मांडून दाखवला आणि सौदा एक पंचेचाळीसला झाला.

मीटरवर जास्त किलोमीटर दिसले म्हणून घाबरू नका. हायवेवर एका चालीत ४० हजार पळालेली गाडी मी शहराच्या सिग्नलवर क्लच दाबत १५ हजार झालेल्या गाडीपेक्षा आधी घेईन. भाड्याने फिरलेली मात्र नको. गोव्यात, मनालीत भाड्याच्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पुढे त्यातल्या काही खासगी करून विकल्या जातात. आरसीवर तशी नोंद सापडली तर बोलणी तिथेच थांबवा.

आता कागद. एमपरिवाहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून कितवा मालक, कर्जाचा बोजा, विम्याची तारीख बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरल्यावर फरक फारसा उरत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, विकणाऱ्याकडेच राहतो, त्यामुळे त्याचा विम्याचा हप्ता तुमचा धरू नका. पॉलिसी नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करा. थकलेली चलनं सौद्याआधी त्याच्याकडूनच भरून घ्या, आणि टोकन दिलंत तर ठरलेला आकडा, गाडीचा नंबर आणि कर्ज फिटलं नाही तर टोकन परत, हे तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्याकडून लिहून घ्या.