बाळाच्या मुठीत मावेल असा घास
बाळ ६ महिन्यांचं झालं, मान सावरून ताठ बसू लागलं, हाती लागेल ते तोंडात घालू लागलं, की भरवण्याच्या जोडीला त्याला स्वतःच्या हातानेही खाऊ द्या. या वयात चिमूट जमत नाही, मूठ जमते. म्हणून तुकडे आपल्या बोटाएवढे लांब हवेत. मुठीबाहेर टोक उरलं तरच चावता येतं. लाल भोपळा, रताळं, गाजर वाफवा आणि अंगठा-तर्जनीत दाबून पाहा: सहज चिरडायला हवं. फार गाळ झाला, तर मुठीतच लगदा होतो आणि बाळ वैतागतं. केळं निसटतं, तेव्हा साल धुऊन खालची अर्धी तशीच ठेवा. लोहासाठी मुगाचं मऊ धिरडं, पट्ट्या कापून.

उबळ येणारच. बाळ खोकतंय, आवाज करतंय तोवर तोंडात बोट घालू नका, घास आत ढकलला जातो. आवाजच बंद झाला, तर ते गुदमरणं: लगेच पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये ५ थापा, तरीही नाही सुटलं, तर उताणं करून छातीच्या मध्यभागी एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ दाब, आलटून पालटून, आणि कुणाला तरी १०८ला फोन करायला सांगा.

अख्खे शेंगदाणे, द्राक्षं, कच्चं गाजर नको. मध बाळ वर्षाचं होईपर्यंत नाहीच, चाटणसुद्धा नाही.