डिमांड फॅक्टर लावताना या चुका टाळा, नाहीतर लाइट आली की मेन ब्रेकर पडेल

साकीनाका असो नाहीतर वसई, गाळ्यात नवीन पॅनल बसवायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी हिशोब असाच होतो, सगळ्या मशीनच्या नेमप्लेट वाचायच्या, बेरीज मारायची, ०.५ किंवा ०.६ ने गुणायचं आणि लोहार चाळीत (मुंबईचा इलेक्ट्रिक मालाचा बाजार) केबलचा भाव विचारायला निघायचं. हा ०.५ आला कुठून विचारा, उत्तर येतं 'सगळे तेच धरतात'.

अरे पण डिमांड फॅक्टर म्हणजे प्रत्यक्षात जास्तीत जास्त खेचलेला लोड भागिले कनेक्टेड लोड (जोडलेल्या सगळ्या मशीनची बेरीज), तो तुमच्या मशीन कशा चालतात त्यावर ठरणार ना. वेल्डिंग सेट अधूनमधून चालतो, तिथे कमी धरलेला चालतो. दिवसभर माल आत जात असलेल्या इलेक्ट्रिक ओव्हनला ०.९ च्या खाली जायची माझी तरी हिंमत नाही.

आता एक मोल्डिंगचा गाळा घ्या. चार मशीन, प्रत्येकीला १५ किलोवॅट मोटर आणि ९ किलोवॅट हीटर, वर कॉम्प्रेसर ११, चिलर १५, ग्राइंडर ७.५, लाइट-पंखे-एसी ५.५, एकूण १३५ किलोवॅट (हे इनपुटचे आकडे आहेत, मोटरच्या प्लेटवर शाफ्टचा पॉवर असतो, त्याला एफिशियन्सीने भागावं लागतं, हे पण बरेच जण विसरतात). चालू कामात मोटर साधारण ६५ टक्क्यांवर, हीटर चालू-बंद होत ४० टक्क्यांवर, बाकीच्यांचं धरून डिमांड येते ८६ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे फॅक्टर ०.६४. पॉवर फॅक्टर (किलोवॅट भागिले केव्हीए) ०.८५ धरला तर १०१ केव्हीए, ४१५ व्होल्टला १४१ अँपिअर. डोळे मिटून ०.५ लावणारा ११० अँपिअरवर थांबतो आणि १२५ चा ब्रेकर टाकून मोकळा होतो.

पण १४१ वरही थांबू नका. पंधरा मिनिटं लाइट गेली आणि परत आली की चारही मशीनचे हीटर एकदम फुल ओढतात, ऑपरेटर मोटरी पण लगेच चालू करतात, आणि तीच डिमांड १०८ किलोवॅट होते, म्हणजे १७७ अँपिअर. त्यात मे महिन्यात पत्र्याखालच्या पॅनलमधली गरमी, १६० चा थर्मल ब्रेकर तिथे आधीच पडायच्या बेतात असतो. मी इथे २०० चा ब्रेकर आणि त्याला झेपेल अशी केबल टाकेन, आणि मशीन एकेक करून चालू करायची सवय लावेन.

दुसरी चूक याहून महागात जाते, फॅक्टर परत परत लावणं. मशीनला ०.७, सबपॅनलला ०.७, मेनला ०.८, गुणाकार करा, ०.३९ येतो, म्हणजे २०० किलोवॅटचा गाळा कागदावर ७८ चा होतो! एकेका मोटरच्या केबलला डिमांड फॅक्टर लावायचाच नाही, ती पूर्ण करंटची घ्यायची, फॅक्टरचं काम वरच्या फीडरला, म्हणजे अनेक मशीनना पुरवठा देणाऱ्या केबलला. डायव्हर्सिटी फॅक्टर (सगळे लोड एकाच वेळी कमाल ओढत नाहीत, त्याचा आकडा) जुन्या पद्धतीत १ पेक्षा मोठा असतो आणि त्याने भागतात, काही टेबलांत तो १ पेक्षा लहान असतो आणि त्याने गुणतात, टेबल कुठल्या पद्धतीचं आहे ते आधी बघा. दोन पंपांपैकी एक स्टँडबाय असेल तर बेरजेत एकच धरा.

मेन पडतच असेल तर आधी किती वेळाने पडतो ते बघा. मोटर चालू करताक्षणी पडला तर स्टार्टिंग करंट, डीओएल (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर चालू करणाऱ्या) स्टार्टरवर तो सहा-सात पट जातो. अर्ध्या तासाने पडला तर ओव्हरलोड किंवा सैल लग (केबलच्या टोकाची जोडणी), लगजवळचं इन्सुलेशन काळं पडलंय का बघा. मग टाँग टेस्टरने (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) तिन्ही फेज मोजा, सगळे सिंगल फेज हीटर एकाच फेजवर टाकलेले निघाले तर टोटल किलोवॅट बरोबर असूनही तो एक फेज ब्रेकर पाडतो. आणि बिलावरच्या मॅक्सिमम डिमांडवर ब्रेकर निवडू नका, मीटर १५ किंवा ३० मिनिटांची सरासरी धरतो, दोन मिनिटांची उसळी त्यात पुरती दिसत नाही. तो आकडा कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीकडून मंजूर करून घेतलेली डिमांड) ठरवायला वापरा, तोही बारा महिन्यांचा बघून.